ग्रहणाचं पाणी आणि परसातली टाकी

हिवाळ्यातल्या दुपारी संडासाच्या टाकीवर आडवं पडून कुणी स्वप्नं पाहिली असतील, तर ती मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं आणि मग निवांत बसावं.

वडनेर भोलजीला आमच्या सासरच्या परसात, लिंबाची सावली संपते तिथं, ती टाकी होती. वर शहाबादी फरशीची झाकणं. दुपारी फरशी उन्हानं छान तापायची. घरातले सगळे जेवून कलंडले की मी पदर डोक्याखाली घेऊन तिच्यावर पडायची आणि फरशीला कान लावायची. आत काहीच ऐकू यायचं नाही. मग खूप वेळानं, दूरच्या विहिरीत एखादं पिकलं पान पडावं तसं काहीतरी व्हायचं, आणि पुन्हा शांत. मला वाटायचं, आपल्या परसाखाली एक छोटं गाव आहे. ते आत्ता जेवून झोपलंय.

राज्य तेव्हा नवं होतं आणि माझं लग्नही. माझं माहेर शेगावचं. तिथं आमच्याकडे टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून एक बाई सकाळी डबा घेऊन यायची. ती आली की आई खिडकी लावून घ्यायची आणि आम्हाला म्हणायची, तिकडे पाहू नका. मी पाहायची. त्या बाईनं एकदा वर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. त्या दिवसापासून खिडकी मीच आधी लावायला लागले. लाज कुणाला वाटायला हवी होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सासरी तर टोपलीही नव्हती. गावाच्या बायका नाल्यापलीकडच्या गोदरीत, उघड्यावर जायच्या, उजाडायच्या आधी नाहीतर दिवस बुडल्यावर. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, विहिरीच्या पायरीवरून घसरल्या होत्या आणि त्यांचा उजवा गुडघा तेव्हापासून धड वाकत नव्हता. माझ्या खांद्यावर हात टेकवून त्या नाल्याचा उतार उतरायच्या. रोज संध्याकाळी त्या अर्धीच भाकर खायच्या. मी आपली नवी नवरी, मला वाटलं भूक कमी असेल. पुढं एकदा त्याच म्हणाल्या, "पोट भरून खाल्लं का मंग जा लागते वं."

ती अर्धी भाकर आमच्या ह्यांनी पाहिली होती. हे नांदुऱ्याला शाळेत मास्तर. आईसाठी त्यांनी परसात संडास बांधायचं ठरवलं आणि गावातल्याच बौद्ध वस्तीतले एक मिस्त्री बोलावले. रेल्वेच्या क्वार्टरांची कामं करून मिस्त्री अशा टाक्या बांधायला शिकले होते. त्यांच्या मनगटावर एक बंद पडलेलं घड्याळ असायचं आणि काही सांगायच्या आधी ते त्याच्याकडे पाहायचे, जणू बोलायची वेळ झाली की नाही ते बघताहेत.

"दोन खोल्यांचं घर हाये हे," त्यांनी आत्याबाईंना सांगितलं. "पयल्या खोलीत सगळं येऊन पडते. जड ते तयाले बसते, हलकं ते दुधावरच्या सायीवाणी वर तरंगते. मधातलं पाणी भिंतीच्या भोकातून दुसऱ्या खोलीत जाते, अन् तिथून बाहीर, गोट्याच्या खड्ड्यात मुरते."

"अन् तयाचं?"

"ते आतले जीव खातात."

"कोनते जीव?"

"बारीक. डोयाले दिसत नाईत."

आत्याबाईंनी पदर नाकाला लावला. "म्हणजे माह्या परसात तू किडे पोसून राह्यला."

"पोसून नाई माय, ते आपले आपणच येतात. तुमी फक्त त्याइले मारू नका." मग घड्याळाकडे पाहत त्यांनी यादी म्हटली. फिनेल नको, सोडा नको, राखेचं पाणी नको. न्हाणीचं पाणी वेगळं काढा, टाकीत सोडू नका. चिंधी नको, खरकटं नको. भसाभसा पाणी ओतू नका, एक तांब्या दोन तांबे पुरे. उंच पाइपाच्या तोंडावरची जाळी फाटू देऊ नका, नाहीतर डास होतात. झाकण उघडं टाकू नका, आणि उघडलंच तर वाकून आत पाहू नका, आतला वायू माणसाला गुंगवतो.

खड्ड्याबाबत मात्र ते फार हटून बसले होते. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी मिळालं की फुगून तोंड मिटते. "हिच्या भरवशावर राहाल त पस्तावाल," ते म्हणाले. त्यांनी खड्डा चांगला लांब काढला, गाडीभर नदीची गोटी भरली आणि कडेला कर्दळ लावली.

आणि आत्याबाई पोटभर जेवायला लागल्या. संध्याकाळी एक भाकर, कधी सवा. मी तव्यासमोर बसून त्यांच्या ताटाकडे बघत राहायची, एखाद्या नाटकाचा पडदा वर जाताना बघावा तशी.

मग ग्रहण आलं.

सूर्यग्रहण, भर दुपारचं. आत्याबाईंचं सोवळं तसं सौम्य होतं, पण ग्रहणाला त्या कडक व्हायच्या. ज्या भांड्यावर दर्भाची काडी ठेवली ते दूध, दही, लोणचं वाचलं. बाकी घरात साठवलेलं सगळं पाणी ग्रहण सुटलं की ओतून द्यायचं. ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, आणि त्या परसात येऊन टाकीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"टाकीत पाणी हाये ना वं?"

"आहे, आत्याबाई."

"गरानात होतं ना?"

"होतं."

"मंग ते सांडा लागते."

आता मला मिस्त्रींची यादी पाठ होती. मी तोंड उघडायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या विचाराची मला भुरळच पडली. इतका सरळ, इतका निर्मळ विचार माझ्या डोक्यात कधी आला नसता. टाकीतलं पाणी उपसता येत नाही, म्हणून आत्याबाईंनी तोड काढली: घरातलं ग्रहणाचं सगळं पाणी वरून ओतायचं, म्हणजे आतलं जुनं आपोआप पुढं ढकललं जाईल. रांजण, घागरी, बादल्या, हौद. मी पदर खोचला. चाळीसेक घागरी मी ओतल्या असतील. आत्याबाई लिंबाखाली काठी टेकून हुकूम सोडत होत्या, मी ये-जा करत होते, संडासाचं भांडं गळा काढून गुडगुडत होतं. शेवटी राखेचं गाळीव पाणी, आणि त्यावर ह्यांनी शाळेसाठी आणलेली फिनेलची अख्खी बाटली.

"आता कशी लख्ख झाली," आत्याबाई म्हणाल्या.

चारपाच दिवसांनी कर्दळीखालची जमीन काळी चिकट झाली. मग वास आला. आधी तो आमच्याच परसात फिरला, मग भिंत ओलांडून मोठ्या मामाजींकडे गेला. मोठे मामाजी म्हणजे माझे चुलत सासरे, शेजारच्या घरात राहायचे. टाकीला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. धोतर दोन बोटांनी उचलून ते आले.

"बुजवा हे," ते म्हणाले.

आत्याबाई त्यांच्यासमोर चेहराभर पदर घ्यायच्या आणि थेट बोलायच्या नाहीत. मी मध्ये उभी. "सांग वं त्याइले," त्या पदरातून म्हणाल्या, "मिस्त्रीले बलावतो म्हना."

"मामाजी, मिस्त्रीला बोलावतो म्हणतात."

"मले ऐकू येते," मामाजी म्हणाले. "संक्रांतीले गावच्या बाया तुमच्या घरी हळदीकुंकवाले येतीन. एका बी बाईनं नाकाले पदर लावला का दुसऱ्या दिवशी मी मुरूम टाकून बुजवतो. मंग सासूले सांगजा, नाला हाये तिथंच हाये."

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी भाकर मोडली, अर्धी खाल्ली आणि अर्धी टोपल्यात परत ठेवली. मी तव्यावरून मान वर केली नाही. घागरी माझ्याच हातांनी ओतल्या होत्या.

मिस्त्री आले. पहारीनं झाकण सरकवून त्यांनी सगळ्यांना दूर उभं केलं आणि बराच वेळ तसंच उघडं ठेवलं. मामाजी देखरेखीला हजर होते, तोंडात बिडी.

"मामा, ते इझवा पयले. आतला वायू पेट घेते. मिशा जातीन तुमच्या."

मामाजींनी बिडी विझवली आणि दोन पावलं मागं सरकले. मिस्त्रींनी बांबूला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घातला आणि वर काढला. फडक्यावर साय नव्हती, जेमतेम बोटभर गाळ. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"टाकी कोनं धुतली?"

आत्याबाई लिंबाच्या शेंड्याकडे पाहू लागल्या. त्या शेंड्यावर काहीच नव्हतं.

"मी," मी म्हटलं. खोटंही नव्हतं.

"काऊन?"

"ग्रहणाचं पाणी होतं." घागरी, राख, फिनेलची बाटली, मी सगळं सांगून टाकलं.

मिस्त्री खाली बसले. हसतील असं वाटलं, पण ते हसले नाहीत. "आमी ते गरान सोडलं, पण तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले. "बाई, आतले जीव फिनेलनं मेले. अन् पाणी येवढं ओतलं का तयाचा गाळ उठून खड्ड्यात गेला, गोट्याचं तोंड बंद झालं. वरतून ही कायी जमीन. या टाकीले चंद्रसूर्याचं गरान लागत नाई. तिचं गरान म्हणजे तुमची ती बाटली."

खड्ड्याच्या तोंडाची गोटी त्यांनी काढली, नवी भरली, कर्दळीकडे आणखी एक चर काढला. मग दुसऱ्या दिवशी सायकलला एक झाकणाचा डबा बांधून नांदुऱ्याहून आले. स्टेशनाजवळच्या क्वार्टरच्या जुन्या, चालत्या टाकीतला गाळ त्यात होता. वाटेत लोकांनी विचारलं, डब्यात काय. ते म्हणाले, विरजण.

आत्याबाई तो शब्द ऐकून एकदम वळल्या. गावात त्यांच्यासारखं दही कुणाचं लागत नसे. "विरजन?"

"हाव माय. मेलेल्या दुधाले पुन्हा लावून राह्यलो."

"मंग हलवू नोको ना," आत्याबाई मला म्हणाल्या. "आता त्याच्यात भसकन पानी नोको वतू. विरजन लावलेलं भांडं हलवते का कोनी?" आणि माझ्याकडे अशा पाहिलं, जणू त्या चाळीस घागरी माझीच कल्पना होती. मी खाली मान घालून हो म्हटलं. भूमिका चांगली वठली.

थंडीत विरजण सावकाश लागतं. ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. संक्रांतीला अडीच आठवडे होते. रोज दुपारी त्या मला टाकीकडे पाठवायच्या, "नाक घेऊन जा." मी नाक घेऊन जायची आणि तिथंच पडून राहायची. फरशी तापलेली, कर्दळीची लाल फुलं डोळ्यांपुढं डुलताहेत, डोळे मिटले की ते खालचं गाव दिसायचं. नांदुऱ्याहून सायकलवर आलेली वस्ती आता दोन खोल्यांत संसार मांडते आहे, कुणी तळाशी, कुणी सायीवर, आणि मधून एक निवळ नदी हळूहळू चाललीय. मी त्यांना मनातल्या मनात म्हणायची, घाई करा गं, आमच्या आत्याबाई उपाशी आहेत. वास रोज थोडा पातळ व्हायचा. एके दुपारी मी उठले तर तो कुठंच नव्हता, आणि तो केव्हा गेला ते मला सांगता आलं नाही.

पण नाकावर माझा विश्वास नव्हता. त्याला सवय झाली असेल तर?

संक्रांतीला मोठे मामाजी दुपारपासूनच परसात खाट टाकून बसले, पंचासारखे. बायका आल्या. दारातून आत येऊन पहिलीनं मामाजींना पाहिलं आणि पदर सरळ हनुवटीपर्यंत ओढला. दुसरीनंही. पाहता पाहता पंधरावीस बायका परसात उभ्या, आणि एकीचंही नाक दिसेना.

"पाहा," मामाजी म्हणाले. "लावला का नाई पदर."

पदराआडून आत्याबाईंचा आवाज आला. "सांग वं त्याइले. त्याइच्यामुळे लावला."

"मामाजी, तुमच्यामुळे लावला म्हणतात. तुम्ही बसल्यावर नाकं कशी दिसतील?"

एका पदरात कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसऱ्यात. मामाजी थोडा वेळ आढ्यतेनं बसून राहिले, मग खाट उचलून भिंतीपलीकडे गेले. तिथून त्यांचं डोकं दिसत होतं. पदर खाली आले. नाकं मोकळी झाली, नथी चमकल्या, तिळगूळ फिरला. एक म्हातारी तर थेट टाकीच्या फरशीवर जाऊन टेकली. "मस्त ऊन हाये इथं. नवा वटा बांधला का?"

"हाव," आत्याबाई म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या डोक्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते डोकं हळूच खाली गेलं. मुरूम काही आला नाही. त्या संध्याकाळी टोपल्यात परत काही ठेवलं गेलं नाही.

पुढं दर दोन वर्षांनी मिस्त्री बांबू घेऊन यायचे आणि गाळ मोजायचे. एक तृतीयांश चढला तर उपसायचा, आणि उपसला तरी तळाशी थोडा ठेवायचा. का ठेवायचा, ते आत्याबाईच आता लोकांना सांगायच्या.

पण मला आठवतं ते त्यानंतरचं पहिलं ग्रहण. पुन्हा दिवसाचं. मी स्वयंपाकघरात दूधदह्यावर दर्भ ठेवत होते आणि एक काडी कमी भरली. बाहेर पाहिलं तर आत्याबाई काठी टेकत परसात चालल्या होत्या. टाकीपाशी जाऊन त्यांनी तो न वाकणारा गुडघा बाजूला लांबवला, कशाबशा खाली झाल्या, आणि दोन फरशांच्या सांध्यावर ती काडी ठेवून वर एक खडा ठेवला.

परत आल्यावर त्यांनी मला दारात पाहिलं.

"काय पाहून राह्यली वं?" त्या म्हणाल्या. "विरजन हाये त्याच्यात." आणि मग, आत जाता जाता, "गरान सुटलं का भाकरी टाक. मले भूक लागली."