मी ‘जन्मजात’ असं लिहिलं होतं

माझी नात लातूरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी नांदेडात एकटी. मुलगा पुण्यात, तो फोनवर माझं बीपी विचारतो आणि मी सांगेन ते खरं मानतो. माझ्या दारात चपला काढणारं माणूस एकच, ही नात. रविवारी सकाळच्या एसटीनं येते, जेवते, झोपते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. बाकीचे सहा दिवस मी फिनेल विकायला आलेल्यालाही बसवून चहा पाजते.

गेल्या थंडीत एका रविवारी ती एक फॉर्म घेऊन आली. कुणीतरी संशोधनासाठी कॉलेजात वाटला होता. लहान मुलींच्या गुप्तांगाचा भाग कापायची जी प्रथा काही समाजांत आहे, मुलींचा खतना म्हणतात तिला, तिच्याबद्दल विद्यार्थ्यांना काय माहीत आहे, काय वाटतं, असे प्रश्न.

“वर्गात काय लिहिलं मग पोरांनी?”

“निम्म्यांनी ‘ऐकलं नाही’वर खूण केली. एक जण म्हणला, हे तिकडं आफ्रिकेत असतंय, परीक्षेला येणार का? एक मुलगी म्हणली, ज्याची त्याची रीत, आपण कशाला बोलायचं.” मग माझ्याकडं बघत म्हणाली, “आज्जी, तू एवढी वर्षं लेबर रूममध्ये होतीस. तू पाहिलंस का कधी?”

“न्हाई बा,” म्हणत मी वरणाला फोडणी द्यायला उठले. फोडणी आधीच दिलेली होती.

नर्सिंगला ती माझ्यामुळं गेली. होस्टेलातल्या मैत्रिणींना माझा नर्सच्या टोपीतला फोटो दाखवते. खरं सांगितलं तर रविवारची एसटी लातुरातून तिच्याशिवाय निघेल, हीच मला भीती.

मी लातूरलाच शिकले. एकोणीस वर्षांची, औशाकडच्या खेड्यातून आलेली, शरीरशास्त्रात वर्गात पहिली. टोपीला इतकी खळ घालायची की वाऱ्यातसुद्धा ती हलायची नाही. टोपीखालीही काही हलत नव्हतं. आम्हाला प्रत्येकीला ठरावीक बाळंतपणं केस बुकात लिहून सही घ्यावी लागे. साध्या केसवर नुसती सही. काही वेगळं सापडलं तर शिकवणाऱ्या बाई लाल शाईत शेरा देत. त्या शेऱ्यासाठी मी वॉर्डात घारीसारखी फिरे.

एक पहिलटकरीण आली. माझ्याच वयाची. कुठल्या समाजाची ते लिहीत नाही. एकदा तिला उघडं पाडलं तेवढं पुरे. तयारी करताना मला दिसलं, जे असायला हवं ते नाही, नुसता जुना वण. पुस्तकात असलं काही नव्हतं. म्हणजे हा शोध माझाच. मी पडदा सारला आणि वर्गमैत्रिणींना हाक मारली. सहा जणी आल्या. एकीनं टॉर्च धरला. कळा देणाऱ्या त्या बाईभोवती आम्ही बोअरला पाणी लागलेलं बघायला जमावं तशा उभ्या.

“जन्मापासून हाय का हे?” मी विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “सात वर्षांची होते. मावशीनं नवा फ्रॉक घालून नेलं. तिथं एका बाईनं कापलं.”

“आसं कुणी कापत असतंय का?” मी मैत्रिणींकडं बघून हसले. “तुमाला नीट आठवत नसंल.”

तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. बाळ होईपर्यंत आवाज काढला नाही. ‘पेशंट अतिशय सोशिक’ हेही मी लिहिलं, आणि वर ‘जन्मजात दोष’. बाईंचा शेरा मिळाला, उत्तम निरीक्षण. सुट्टीत वडलांना ते पान दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. लाल शाई बघून ते म्हणाले, “नापास झालीस का गं?” घरात अक्कल तेवढी त्यांनाच होती.

पुढं नांदेडात मी स्वतः शिकवायला लागले, आणि कितीतरी बॅचना ती केस सांगितली. दुर्मिळ जन्मजात दोष म्हणून. पोरी खाली मान घालून उतरवून घ्यायच्या.

निवृत्तीनंतर एकदा पेपरात लेख आला. एका बाईनं स्वतःवर झालेलं लिहिलं होतं. मी तो उभ्यानं वाचला. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घरात सांगायला कुणी नव्हतं. माझ्या किती विद्यार्थिनी कुठकुठल्या दवाखान्यांत कुणाकुणाच्या तोंडावर हसत असतील, ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तर त्या रविवारी जेवण झालं आणि नात पेन काढून बसली. म्हणाली, “मग आज्जीनंही पाहिलं नाही, असं लिहिते.”

“थांब,” मी म्हणाले. “पाहिलंय.”

सगळं सांगितलं.

“ती सांगून राहिली होती, अन् तू हसलीस?”

“हाव.”

“टॉर्च कुणी धरला?”

“त्यानं काय होतंय? हाक मी मारली.”

तिनं फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला आणि दोन तास आधीच्या गाडीनं गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही. मी दोघींचं रांधलं आणि मंगळवारपर्यंत गरम करून खाल्लं.

मग फोन आला.

“आज्जी, मी वर्गात तुझी केस सांगितली. तुझं नाव नाही घेतलं.”

“घ्यायचं की. पेन्शनवाल्या बाईला कोण काढून टाकतंय?”

ती हसली नाही. “सगळे पुढं सरकून ऐकत होते. तो आफ्रिकावालासुद्धा. तास संपल्यावर सगळे गेले, एक मुलगी बाकावरच बसून राहिली. ती कधी बोलत नाही कुणाशी.”

“तू काय विचारलंस तिला?”

“काहीच नाही. शेजारी बसले. मग दोघी मेसला गेलो. काल ती आपणहून बोलली.”

काय बोलली, हे माझ्या जिभेवर आलं होतं. एवढी म्हातारी झाले, खोड काही गेली नाही. गिळलं.

“सुट्टीला होस्टेलवर ती एकटीच ऱ्हाते, आज्जी. म्हणून मी याही रविवारी येत नाही. चालेल ना?”

“हाव. ऱ्हा तिच्याजवळ.”

फोन ठेवल्यावर आठवलं, माझ्यावर राग आहे का ते विचारायचं राहिलं. परत लावला नाही. रविवारी एकटीपुरतं पिठलं केलं आणि अकरालाच जेवून घेतलं.