घराजवळची सोनसावर

हैदराबादेत नल्लकुंट्याला राहणाऱ्या आमच्या एकनाथरावांसमोर फोटोला उभं राहायचं, तर माणसाने जेवून उभं राहावं. ऊन कलेपर्यंत ते थांबणार, ढग सरकेपर्यंत थांबणार, मग काच पुसणार. लग्नाच्या पंचविशीला जयवंताबाई हार घालून इतका वेळ उभ्या राहिल्या, की हार कोमेजला. म्हणूनच की काय, नारायणगुड्याच्या शाळेतून चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसं सोडून झाडं धरली. झाडं कुरकुरत नाहीत.

त्यातही जीव जडला सोनसावरीवर. खडकाच्या फटीत वाढणारं हे आपलं रानझाड. थंडीत पानं टाकून वाळक्या लाकडासारखं उभं राहतं आणि होळीच्या सुमारास त्याच उघड्या फांद्यांवर हळदीच्या रंगाची फुलं येतात. मुलूख बदलला की हे झाड कसं बदलतं, याचा त्यांना अल्बम करायचा होता. अजिंठ्याच्या डोंगरातली सोनसावर झाली, बिदरच्या लाल मातीतली झाली, नल्लमलाच्या जंगलातली तर बसमध्ये उलट्या करत जाऊन झाली. हैदराबादचं पान तेवढं कोरं राहिलं, कारण इथली सोनसावर घराजवळची. माधापूरच्या पुढे, हत्तीएवढ्या खडकांमध्ये. ती काय, केव्हाही काढता येईल.

दरम्यान देश खुला झाला. ज्या रंगीत रोलसाठी पूर्वी आबिदच्या बाजारात खेटे घालायचे, तो गल्लीच्या तोंडाशी साबणाशेजारी लटकू लागला. अखेर सत्त्याण्णवच्या जानेवारीत मुलगा किशोर, नुकताच कंप्युटर कंपनीत लागलेला, त्यांना स्कूटरवरून तिथे घेऊन गेला. झाड होतं, पण नुसत्या काड्या. शेजारी बिल्डरची पाटी आणि पाटीखाली चौकीदार.

“सूखी लकडी का क्या फोटू लेते साब?” त्याने मायेने विचारलं.

किशोर म्हणाला, आलोय तर काढून घ्या. एकनाथराव म्हणाले, डोक्यावर तेल थापून बसलेल्या बाईचा कुणी फोटो काढतं का? फुलू दे.

होळीला ते एकटेच बसने गेले. खडकांच्या जागी खड्डा होता आणि हवेत सुरुंगाचा वास. चौकीदाराने ओळखलं. “नक्को ढूंडो साब, वो गया,” म्हणाला आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली. एकनाथराव बसले. सवयीने ऊन कलेपर्यंत थांबले आणि तसेच परतले. त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला. गल्लीत कुणाचं बारसं असलं तरी निघेना.

दोन वर्षांनी किशोरने फ्लॅट घेतला. सगळ्यांना दाखवायला नेलं. फाटकाशी एकच खडक शोभेला ठेवलेला, त्यावर चुना फासून सोसायटीचं नाव लिहिलेलं. एकनाथराव त्या खडकाकडे बघत उभे राहिले.

“बाबा, जागा तुम्हीच तर दाखवलीत,” किशोर म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी कृतज्ञता होती, की रागवायचीही सोय उरली नाही.

पुढे बगीचा. परदेशी ताडांची रोपं काठ्यांना बांधलेली, आणि लॉन म्हणजे मातीवर हिरवी ठिगळं. किशोरने खास बरोबर आणलेला कॅमेरा बापाच्या हातात दिला, पण लगेच त्यालाच वाटलं की घाई नको. “पावसाळ्यानंतर काढू, बाबा. गवत छान येईल तोवर.”

“नको,” एकनाथराव म्हणाले. “आत्ताच उभे राहा.”

त्यांनी ऊन पाहिलं नाही, काच पुसली नाही. जयवंताबाई पदर सारखा करत होत्या, तेवढ्यात बटण दाबलं गेलं.