भेगेची रेघ

गल्लीत तिला सगळे भेगावाली म्हणायचे. जुन्या इमारतींच्या भिंतींवर मोजपट्ट्या चिकटवायच्या आणि भेग किती उघडतेय ते दर आठवड्याला टिपायचं, ही तिची नोकरी. नवऱ्यात खोट सापडेना म्हणून भिंतींत शोधते, असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या.

मग भेग घरातच निघाली, सासूबाईंच्या मागच्या खोलीत, तुळईखाली. गवंड्यानं ती लिंपली आणि त्याच दिवशी तिनं वर पट्टी लावली. पट्टी आठवड्याला अर्धा मिलिमीटर सरकायची, न चुकता, कुणीतरी मोजून ढकलावी तशी. भेग बारा मिलिमीटर झाली की तुळईचा आधार सुटणार. म्हणजे चोवीस आठवडे. अठरावा संपत आला होता. खोली सावकाश रिकामी करू, असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं.

त्या दुपारी मागच्या खोलीत विणता विणता सासूबाई सहज बोलून गेल्या, की गवंडी यायच्या आधी ही सुई त्या भेगेत घट्ट बसायची.

तिनं सुईची जाडी मोजली. तीन मिलिमीटर. तिच्या आलेखातल्या रेघेचा चढ बरोबर होता, पण रेघ तिनं शून्यातून काढली होती. लिंपणाखाली भेग आधीच तीन मिलिमीटर उघडी होती. तिनं पुन्हा लिहिलं: रुंदी = ०.५ × आठवडे + ३. अठरा घातले. बारा आले.

आजच.

रेघ मागे नेली, तर ती पट्टी लावण्याच्या सहा आठवडे आधी शून्याला टेकत होती. तिनं कॅलेंडर उलटं मोजलं. सासरे याच खोलीत वारले, तोच दिवस.

आत्ता बाहेर चला म्हणत तिनं पुढे केलेल्या कागदाकडे सासूबाईंनी पाहिलंही नाही. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी नाही यायची. ते एकटे पडतील."

तिनं समजावलं, हातापाया पडली, रागावली. शेवटी तुळईखाली, पलंगावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"मग मीही इथंच बसते, आई."

"हट्टी आहेस मेली," असं पुटपुटत सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. तीही मागोमाग उठली. दारात थांबून सासूबाई रिकाम्या पलंगाकडे वळल्या.

"अहो, चला."

दार लावायला तिनं हात उचलला होता. का कोण जाणे, ती बाजूला सरकली आणि आणखी एक माणूस बाहेर पडेल इतका वेळ दार उघडं धरून उभी राहिली.