हमीदभाईंची हातगाडी आणि आमची हँडलं

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. रविवारी सकाळी सायकली काढायच्या, पेठ रोडने जमेल तितकं जायचं आणि परत येऊन पंचवटीत भाजीबाजाराजवळ हमीदभाई मिस्त्रींच्या सायकल दुकानात चहा प्यायचा, एवढाच आमचा उद्योग. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही तिघं: भूगोल शिकवणारे कुलकर्णी सर, मखमलाबादचा फूलवाला केशव आणि ओझरच्या कारखान्यात मोजमापं तपासणारा मी. एवढ्याशा मंडळीत किस्से मात्र ढीगभर झाले, आणि त्यातले निम्मे हँडलवरून झाले.

*

कुलकर्णी सरांना पुतण्याने त्याची रेसर सायकल दिली, खाली वळलेल्या हँडलची. सरांचं वय पन्नाशीपुढे आणि पोटही जरा पुढे. हँडल धरून वाकले की त्यांना फक्त पुढचं चाक दिसायचं. पहिल्याच रविवारी वळायचा फाटा मागे टाकून ते दीड किलोमीटर सरळ निघून गेले. भूगोलाचे शिक्षक!

पुढच्या रविवारी सरांनी हँडल उलटं बसवून आणलं, टोकं वर करून.

"सर, पार बैल दिसतोय," केशव म्हणाला.

"बैलाला निदान रस्ता दिसतो," सर म्हणाले.

*

मला असला अंदाजपंचे कारभार पटत नाही. मी घरी टेप लावून खांदे मोजले, हात मोजले आणि ग्राफ पेपरवर मिलिमीटरमध्ये हँडलचं ड्रॉइंग काढून हमीदभाईंना दिलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, नीट घडी घातली आणि मला बाहेर नेलं. बाहेर शेजारच्या भाजीवाल्याची भरलेली हातगाडी उभी होती.

"ढकला," ते म्हणाले.

मी वीस पावलं ढकलली. माझे हात जिथे होते तिथे हमीदभाईंनी दांड्यावर खडूने दोन रेघा मारल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं हँडल ते असंच ठरवायचे. ओझं समोर असलं की माणूस खोटं धरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या रेघा ड्रॉइंगपेक्षा चार बोटं आत आल्या.

"साहेब, कागदावर तुमचे खांदे जास्त रुंद हैत."

*

मग सरांची पाळी आली. गाडीत वांगी होती. सर घामाघूम होऊन ढकलत असताना त्यांच्या एका विद्यार्थ्याची आई समोर उभी राहिली.

"सर, तुम्ही?"

"परीक्षा चाललीय माझी," सर धापा टाकत म्हणाले.

त्या माउलीचे डोळे भरून आले. घासाघीस न करता तिने तीन किलो वांगी घेतली. सोमवारी शाळेत सरांसाठी डबा आला. त्यात भरली वांगी होती.

*

केशवचं मात्र हसण्यावारी नेता आलं नाही. तो रोज सायकलवरून फुलांच्या पाट्या बाजारात आणायचा. त्याचं हँडल म्हणजे सरळ दांडा, सगळा भार तळहातावर. त्यात रविवारी आमच्याबरोबर खडीचा रस्ता. त्याच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवलंत तर बोटं कायमची बधिर होतील. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. त्याचं घर हारांवर चालायचं. एक दिवस हार ओवताना सुई बोटात रुतली, शेवंती लाल झाली, तरी ह्याला कळलंच नाही, हा बोलतच होता. ते त्याच्या बायकोने, अलकावहिनींनी, पाहिलं.

पुढच्या रविवारी केशव आला नाही. रिक्षातून वहिनी उतरल्या. झेंडूच्या पाटीत हँडल होतं, त्यांनी स्वतः पाना लावून काढलेलं.

"हमीदभाई, हे ठिवून घ्या. बोटं पयल्यासारखी झाली का मग बघू."

आम्हाला हसू यायला हवं होतं, पण कोणालाच आलं नाही.

*

दोन महिन्यांच्या विश्रांतीने बोटं ताळ्यावर आली. हमीदभाईंनी केशवलाही गाडीला जुंपलं. पण तो समोरचा दांडा धरेचना. गाडीच्या दोन्ही कडा बाजूने धरून, अंगठे वर ठेवून ढकलायला लागला. मी म्हणालो, चुकीचं धरतोय.

"साहेब, त्याच्या हाताला विचारू द्या मला," हमीदभाई म्हणाले, आणि त्यांनी पाइप मागे वळवून हँडल करायचं ठरवलं.

वाकवताना पाइप चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरायची, हे मात्र मी सांगितलं. माझा वाटा तेवढाच, पण तो मी अजून सगळ्यांना सांगत असतो. वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. सरांनी विचारलं, आता हे कोणतं जनावर? "गाय हाय, सर. लय गरीब हाय," केशव म्हणाला.

*

वहिनींची अट होती: घाटापर्यंत जायचं, येताना खडीचा रस्ता धरायचा आणि उतरल्याबरोबर बोटांची परीक्षा द्यायची. नापास झाला तर सायकल कायमची बंद.

अकराच्या सुमारास परतलो तर वहिनी पाटी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. त्यांनी सुई-दोरा पुढे केला. केशवने तीनदा प्रयत्न केला. दोरा काही जाईना. हमीदभाई उगाच एक पाना पुसत राहिले.

"चष्मा घरी ऱ्हायला," केशव पुटपुटला.

"मग डोळे मिटा," वहिनी म्हणाल्या. "आन् ती दोनच बोटं पुढं करा."

वासावरून ओळखू नये म्हणून सरांनी त्याचं नाक चिमटीत धरलं. वहिनी एकेक फूल त्या दोन बोटांत द्यायला लागल्या.

"झेंडू," केशव नाकात बोलला. "शेवंती. ह्यो गुलाब. कालचा हाय, पाकळी सुटलीय."

वहिनींनी पुन्हा पाटीत हात घातला, रिकामाच बाहेर काढला आणि आपली करंगळी त्याच्या बोटांत दिली.

केशव थांबला. ती दोन बोटं हलकेच मिटली.

"ह्यो माल इकायचा नाय," तो म्हणाला.