फक्कीच्या रेघेपलीकडची शेजारीण

न बांधलेल्या घरांच्या मालकांचं भांडण तुम्ही कधी सोडवलंय का? मी सोडवलंय, आणि तेही माझ्याच ओट्यावर!

आमचं घर नेरळला, स्टेशनपासून जरा आत. लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून घाबरलेली माणसं इकडे जागा बघायला येऊ लागली. ती दमून टेकायची माझ्या ओट्यावर. त्यामुळे किस्से म्हणजे अंगणातल्या पानांसारखे झाले. सकाळी झाडावेत, संध्याकाळी परत तेवढेच!

यजमान गेले होते. मुलगी लग्न होऊन नागपूरकडे गेली होती. घरासमोरचं भातखाचर कसणार कोण? गावातले विठूभाऊ जमिनीची दलाली करत. ते म्हणाले, "काकी, खाचराचं पिलाट पाडून इकू या. वरसाच्या आत तुमच्या दाराम्होरं दिवं लागतील बगा."

मला ते दिवेच हवे होते. समोरून फोडणीचा वास यावा, कुणी हाक मारावी. मी सही करून टाकली.

*

पहिले गिऱ्हाईक वसनजीशेठ. मुंबईत त्यांचं कापडाचं दुकान. विठूभाऊ त्यांना म्हणाले, "शेठ, सकाळी उठल्यावर माथेरान तुमच्या खिडकीत!"

शेठ उघड्या खाचरात उभे. म्हणाले, "खिडकी किधर है?"

विठूभाऊंनी दोन्ही हातांची चौकट केली आणि शेठच्या तोंडासमोर धरली. "ही घ्या!"

शेठनी वाकून त्यातून डोंगर पाहिला. बराच वेळ पाहिला. आणि तिथेच विसाराचे पैसे मोजले!

*

दुसरे कारखानीस, मुंबईच्या एका ऑफिसात हेडक्लार्क. फार हौशी माणूस. त्यांनी पहिल्याच महिन्यात प्लॉटवर चुन्याची फक्की टाकून सबंध घर आखून घेतलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मोरी.

एका रविवारी विठूभाऊ त्या रेघांवरून तरातरा चालत गेले.

"अहो अहो! चपला! देवघरातून चाललात!"

विठूभाऊ जागच्या जागी थांबले. चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाले, "साहेब, आता भायेर कंच्या दारानं जाऊ?"

तेव्हापासून सगळी मंडळी कारखानीसांच्या प्लॉटाबाहेर चपला काढायची. काटे टोचायचे, तरी काढायची!

*

भांडण झालं ते याच दोघांत. कारखानीसांच्या मोरीचं पाणी शेठच्या बागेत जाणार, असं शेठच्या लक्षात आलं.

"मारा गुलाब मरी जाय!" शेठ ओरडले.

"तुमचे गुलाब माझ्या पाण्यावर जगतील!" कारखानीस ओरडले.

मोरी नव्हती. गुलाब नव्हते. पाणी तर लांबच्या विहिरीला होतं. तरी दोघं कितीतरी रविवार ओट्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसले. मी मध्ये बसून एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायची. शेवटी मी म्हणाले, "मोरी माझ्या बाजूला वळवा. माझ्या केळीला पाणी होईल." तेव्हा कुठे मिटलं.

खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. भांडण झालं म्हणजे वस्ती झालीच की!

पण संध्याकाळची गाडी धरायला सगळे गेले, आणि मी ओट्यावरच्या कपबश्या गोळा केल्या.

*

लढाई सरली, पण जागांचे भाव चढतच गेले. प्लॉट हातोहात फिरू लागले. जो घेई तो कोपऱ्यातल्या दगडावर नारळ फोडी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्याला विकून टाकी. नवा मालक पुन्हा नारळ फोडी. प्रसाद पहिला माझ्याकडे!

मी विठूभाऊंना म्हटलं, "माझ्या घरातलं खोबरं संपत नाही, आणि समोर वीट काही लागत नाही."

ते म्हणाले, "काकी, भाव चढतोय तवर घर कोन बांदतोय?"

शेठनीही खिडकी विकली. माथेरानसकट!

*

आता सुमतीचं सांगते. सुमती म्हणजे कारखानीसांची बायको. ती एकदाच नवऱ्याबरोबर आली होती. पुरुषमाणसं ओट्यावर भाव बोलत बसली, तेव्हा ही रेघांतल्या दारातून आत गेली आणि आपल्या स्वयंपाकघरात उभी राहिली. तिथून मला हाक मारली, "काकू, वाटीभर साखर आहे का हो?"

साखर रेशनवर होती. तरी मी वाटी काठोकाठ भरली आणि रेघेवरून तिच्या हातात दिली. आम्ही दोघी इतक्या हसलो!

जाताना साखर पुडीत बांधून वाटीही तिने पिशवीत ठेवली. "शेजारणीची वाटी रिकामी देत नाहीत, काकू. राहायला आले की भरून देईन."

त्यानंतर कारखानीस आले की मी विचारायची, "वाटी कशी आहे?" ते म्हणायचे, "छान आहे. फडताळात पहिल्या फळीवर ठेवलीय."

मग एका रविवारी ते नव्या गिऱ्हाइकाला घेऊन आले. रेघा केव्हाच धुऊन गेल्या होत्या. भाव ठरला. विठूभाऊंनी माझ्याकडे नारळ मागितला.

नारळ देताना मी म्हटलं, "आणि वाटी?"

कारखानीस उठून चपला शोधू लागले. म्हणाले, "तिला अजून सांगितलेलं नाही. आज सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने सुमती एकटीच आली. तिने प्लॉटाबाहेर चपला काढल्या, स्वयंपाकघर होतं तिथे जाऊन उभी राहिली, मला हाक मारली, आणि साखरेने भरलेली वाटी माझ्या हातात दिली.