जिभेले कळते

“पोटाले काय कळते वं? जिभेले कळते.”

राईस प्लेटमधला पहिला घास गिळून झाला की बाई हे म्हणायच्या. आवाजात तक्रार नसायची. डॉक्टरनं मनगट सोडून ‘ताप आहे’ म्हणावं, तसं म्हणायच्या. मग खाली मान घालून सगळं ताट संपवायच्या. त्यांच्या ताटात टाकलेलं अन्न मी कधी पाहिलं नाही, आणि जेवण आवडल्याची खूणही त्यांच्या तोंडावर कधी पाहिली नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. पिंपरीत आम्ही दोघी औषधी गोळ्यांच्या एका लहान कारखान्यात पॅकिंगला होतो. मी चिंचवडची, नुकतीच अकरावी झालेली. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, वऱ्हाडातून आलेल्या. बाई असूनही त्या ‘मी जातो, मी बसतो’ म्हणत. त्यांच्याकडे सगळ्याच बायका तसं बोलतात. पण आमच्या खात्यातल्या मुलींना त्यावर हसायला आठवडाभर पुरलं. त्यांच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत असत. डाव्या कानाखालून मानेची कातडी आवळून चकाकत होती. कुणी विचारलंच तर तीन शब्द: “स्टोव्ह भडकला होता.” पुढे कोणी विचारत नसे.

काळेवाडीत त्यांनी खोली घेतली होती. त्या खोलीत चूल नव्हती, शेगडी नव्हती, स्टोव्ह नव्हता. चुरमुऱ्याचा डबा, गूळ आणि पाण्याचा माठ. दुपारचं जेवण कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, आणि शिफ्ट सुटली की स्टेशनजवळच्या उडप्याकडे.

त्या काळी एकट्या बाईनं रोज हॉटेलात जेवणं म्हणजे काय, हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. माझ्या आईनं तर मला बजावलंच होतं, “त्या बाईबरोबर कामापुरतं बोलायचं.” मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा गल्ल्यावरच्या अण्णांनी पडदा लावलेल्या फॅमिली रूमच्या दारातच अडवलं होतं.

“बाई, ही खोली फॅमिलीसाठी. बरोबर कोणी जेंट्स नाही का?”

“नाही.”

“मग कसं करायचं?”

“मंग बाहेर बसतो,” म्हणून बाई बाहेर, मधल्या टेबलावर जाऊन बसल्या. चारी बाजूंना निळ्या कपड्यांतले कामगार. त्यांचे घास हातातच राहिले. एकानं तर बाईंना पाहून पायातून काढलेल्या चपला परत घातल्या. पंधरा दिवसांनी अण्णा स्वतः पडदा वर धरून उभे राहिले. बाई म्हणाल्या, “राहू द्या अण्णा. इकडं वारा चांगला लागते.” आणि त्यानंतर त्या नेहमी तिथंच बसल्या.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी जेवणाच्या शोधात हिंडायचो. मी घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगायची. देहूरोडला एका पंजाबी ढाब्यावर गेलो. बाई म्हणाल्या, “सगळ्या भाज्यांले एकच रस्सा पाजला यानं.” एसटीनं चाकणला गेलो. कांद्याच्या बाजाराशेजारी पत्र्याच्या खानावळीत एक म्हातारी भाकऱ्या थापत होती. “पिठलंच हाय बाई आज, दुसरं काय न्हाई,” ती म्हणाली. बाई दोन भाकऱ्या जेवल्या. म्हातारीनं कौतुकानं विचारलं, “बरं झालंय नव्हं?” बाई म्हणाल्या, “भाकर लय चांगली.” पिठल्याबद्दल बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर माझ्या कानात म्हणाल्या, “जवसाची चटनी पाहिजे होती वं याच्यावर. आमच्या घरी करत.”

आमच्या घरी. आमच्या घरी पातोड्या करत. आमच्या घरी अंबाडीची भाजी अशी घोटत. आणि सगळ्यात वर गोळाभात. हरभऱ्याच्या भरड्याचे तिखट गोळे शिजत्या भातात सोडायचे, वाढताना कुस्करायचे, वर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी. हे सांगताना बाईंचा उजवा हात हवेत गोळा कुस्करत असे. मला वाटायचं, बाई आईच्या हातच्या जेवणाबद्दल बोलतात. मी तसं कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमच्या चाळीत देहूरोडच्या कारखान्यात नोकरीला असलेले एक नागपूरकडचे गृहस्थ राहायला आले. त्यांच्या बायकोकडून मी गोळाभात शिकले. दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा जमला. एका सुट्टीच्या दुपारी डबा घेऊन मी काळेवाडीला गेले. फोडणीचं तेल वेगळ्या बाटलीत नेलं होतं. मनात नुसता आनंद.

बाईंनी डबा उघडला आणि वास येताच तो परत मिटला. जरा वेळानं पुन्हा उघडला. जेवायला बसल्या. पहिला घास झाला. त्यांचं ते ठरलेलं वाक्य आलं नाही. सगळा भात संपवला. शेवटी बोटानं डब्याची कड निपटून घेतली.

“तुमच्या आईसारखा झालाय का?” मी विचारलं.

“मायी माय मी चार वर्सांची असतानाच गेली. हे सासूच्या हातचं हाय.”

मग त्यांनी सांगितलं. आवाज अजिबात न चढवता, भिंतीकडे पाहत.

“सोळाव्या वर्सी त्या घरात गेलो. पोळी बी येत नव्हती मले. तिनं हात धरून शिकवलं. आपल्या ताटातलं काढून मले वाढे. मायेची भूक होती मले, तिनं ती भागवली. दोन पोरी झाल्या. एक गेली, एक राहिली. मंग डाक्टरनं सांगतलं, आता लेकरू होनार नाही. तिले नातू पाहिजे होता. एक दिवस मी सैपाकाले पाटावर बसलो, काडी ओढली. पाट रॉकेलानं भिजवून ठेवला होता. दाराकडे धावलो, त दाराले बाहेरून कडी.”

“कोणी लावली?”

“घरात आमी दोघीच होतो.”

शेजाऱ्यांनी दार मोडलं. इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा सासू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिच्या कडेवर बाईंची तीन वर्षांची मुलगी.

“मी काय सांगनार होतो? पोर तिच्या कडेवर होती. म्हनलं, स्टोव्ह भडकला.”

बाई बऱ्या झाल्या तोवर नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं. मुलगी सासरच्यांनी दिली नाही.

“आन् तरी मले तिच्याच हातचं पाहिजे,” बाई म्हणाल्या. “लाज वाटते वं. मायी जीभच बेशरम हाय.”

त्यांनी डबा धुऊन, पुसून माझ्या हातात दिला. “पुन्हा नको करू. चांगला झाला म्हनून सांगतो.”

घरी येताना रस्ताभर मला स्वतःची चीड येत होती. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या बोलल्या, पण ‘आमच्या घरी’ हे शब्द त्यांच्या बोलण्यातून गेले.

पुढे दोन वर्षांनी त्यांच्या दिराचं कार्ड आलं. सासूला अर्धांगवायू झाला आहे, येऊन भेटून जा. बाई रजा टाकून गेल्या आणि पाचव्या दिवशी परत आल्या. उडप्याकडे मधल्या टेबलावर बसून त्यांनी मला सांगितलं.

“म्हातारीची वाचा गेली. मले पाहून तिच्या डोयांतून पानी येत होतं. पस्तावा होता का दुखत होतं, कोनाले ठाऊक. मी तोंड पुसून देलं.”

“आणि मुलगी?”

“बारा वर्सांची झाली. शाळा सोडवली तिची. सगळ्या घराचा सैपाक तीच करते. मले ‘घ्या न बाई’ म्हनून वाढलं तिनं. पाहुनी समजली असन. म्हातारीनं शिकवलं तिले. तोच हात.” त्या थांबल्या. “ती स्टोव्ह पेटवाले बसाच्या आधी मी पाट हात लावून पाहिला.”

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

“कोरडा होता,” बाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याकडे मुलगी मागितली होती. तो सगळ्यांसमोर हसला होता. ज्या बाईच्या घरात चूल नाही, जी हॉटेलात पुरुषांत बसून जेवते, तिच्याकडे कोण पोरगी पाठवील?

तेव्हा बाईंनी स्टोव्ह घेतला. वातीचा, आवाज न करणारा. शिफ्ट सुटली की मी त्यांच्या खोलीवर जायची आणि तो पेटवायची. पहिले काही दिवस त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. पदर कमरेशी घट्ट खोचलेला, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. मग उंबऱ्याच्या आत. मग हातभर अंतरावर. एकदा ओढलेली काडी हातातून फरशीवर पडून विझली, आणि त्या कोपऱ्यात जाऊन ओकल्या. तोंड धुऊन आल्या आणि दुसरी काडी काढली. दीड महिन्यानं त्यांनी मला स्वतः केलेला चहा पाजला. त्यात साखर घालायची राहिली होती. आम्ही दोघी तो तसाच प्यायलो.

मग नवऱ्याला पत्रं सुरू झाली. आता घरात सैपाक होतो, खोलीला खिडकी आहे, शाळा जवळ आहे. ती पत्रं मीच लिहून द्यायची. नवऱ्याचं उत्तर सहा-सहा महिन्यांनी यायचं. म्हातारीचं कोण करील? पुढे म्हातारी गेली. मग वर्षश्राद्ध होऊ दे. मग कापसाचं आटोपू दे. बाईंनी मुलीसाठी एक ताट, एक वाटी आणून ठेवली होती. ती आठवड्याला घासून परत फळीवर जायची.

शेवटचं कार्ड आलं त्यात लिहिलं होतं, की मुलीचं लग्न उरकलं. यवतमाळकडच्या एका गावात दिली. पंधरा वर्षांची होती ती.

बाईंनी कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, “गावाचं नाव पुन्हा सांगजो.”

आठ दिवसांत त्यांनी नोकरी सोडली. साहेबांनी समजावलं, मीही समजावलं. कायम नोकरी, पेन्शन नसली तरी फंड होता.

“तिथं करणार काय तुम्ही?”

“खानावळीत भाकरी थापीन. जाळापाशी बसता येते आता.”

“आणि तिनं ओळखलंच नाही तर?”

“मी तिले ओळखतो न.”

दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. मी स्टेशनच्या फाटकापर्यंत गेले होते, पुढे त्यांनी येऊ दिलं नाही.

चार महिन्यांनी कार्ड आलं, कुणा शाळकरी मुलाच्या अक्षरात. खानावळीत काम मिळालं. मुलीचं घर पलीकडच्या गल्लीत आहे. ती सकाळी नळावर येते. ओळख देत नाही. डाव्या हाताला भाजल्याचा डाग आहे, नवा. पण हंडा भरला तरी थोडी उभी राहते.

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. मग वाट पाहून आणखी एक. दुसरं पत्र परत आलं. पत्त्यावर तांबड्या शाईनं आडवी रेघ, आणि खाली पोस्टमनचा शेरा: बाई गाव सोडून गेली.

एकटी गेली की बरोबर कोणी होतं, एवढं लिहिण्यापुरती जागा पाकिटावर होती. त्यानं लिहिलं नाही.