रांगेत अडकलेलं पत्र

मोठ्या यादीला मेल सोडण्याआधी भाभी कानाची पाळी धरायच्या. मग म्हणायच्या, "जा बाबांनो, दमानं जा."

नागापूर एमआयडीसीत आमची कंत्राटी कामगारांची संघटना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत सुपरवायझर घुसले, म्हणून आम्ही मेलवर आलो. पत्ते हजारो. शेजारच्या या भाभींनी आम्हाला मेलचा सर्व्हर बसवून दिला.

"एका दणक्यात पाठवा की सगळ्यांना!" मी म्हणायचो.

"गावचे पाव्हणे एकदम दारात आले तर तू कडी लावशील का न्हाई? मोठ्या मेल कंपन्या बी तेच करत्यात."

म्हणून थोडी थोडी पत्रं, रांगेनं. बंद पडलेले पत्ते त्या काढत. 'नको' म्हणणाऱ्याला लगेच गाळत. कान का धरता, विचारलं तर म्हणाल्या, "लोकांच्या घरात शिरतोय. येळ-अयेळ कुठं बघतो आपण?"

तातडीच्या पत्रांसाठी त्यांनी वेगळी रांग केली होती. पण मला तिच्याजवळ फिरकू देत नसत. "तुझं तर वाढदिवसाचं पत्र बी तातडीचंच असतंय!" तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

मग एका कारखान्यात वायू गळला. त्यावर प्रशासनाची सुनावणी एका हॉलमध्ये दुपारी ठरली. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती सकाळवर आणली. मी वेळ बदलल्याचं पत्र लाल अक्षरांत लिहून दिलं. माझी सगळीच पत्रं लाल अक्षरांत असायची. भाभींनी ते न वाचता नेहमीच्या रांगेत लावलं, माझ्याच फोटोंनी फुगलेल्या पत्रकामागे.

दुपारी माणसं येत राहिली. हॉलला कुलूप, सुनावणी सकाळीच उरकलेली. नेवाशाहून एक बाई आली, नवऱ्याच्या छातीचा एक्स-रे घेऊन. वायू गळला त्या पाळीला तो कामावरच नव्हता, असं कारखाना म्हणत होता. तिला तेवढं खोडून काढायचं होतं.

भाभी पायरीवर उभ्या होत्या. येईल त्याला सांगत होत्या, "चूक माझी हाय. पत्र माझ्याकडं अडकलं."

बाई म्हणाली, "आवो भाभी, यष्टी चुकली आसती तरी आसंच झालं आसतं."

त्या समजूतदारपणानं भाभी पार खचल्या.

सुनावणीची वेळ बदलली कुणी? खुर्चीवरच्यांनी. त्यांच्यातल्या एकाची तरी मान खाली गेली का? नाही! हे मी पत्रकात छापलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण भाभी एकट्या माफी मागत होत्या तेव्हा मी फाटकापाशी घोषणा देत होतो, आणि घोषणांच्या गलक्यात त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, याचं मला बरं वाटत होतं. ते अजून टोचतं.

भाभी परत संघटनेच्या खोलीत आल्या नाहीत. सर्व्हर आता मी बघतो.

परवा कलेक्टर कचेरीत दिसल्या. शेजारी ती नेवाशाची बाई. भाभी खिडकीतल्या उजेडात एक्स-रे धरून साहेबाला दाखवत होत्या. साहेबानं फाईलमधून मान वर केली नाही.

मी हाक मारली. त्यांनी मागं पाहिलं नाही. बाईचा हात धरून त्या पुढच्या टेबलाकडे निघाल्या.